उभं राहण्याचा भाव

मोठ्या थीम पार्कमधल्या गाजलेल्या राइडच्या तोंडाशी एक जागा असते. तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तिथे दोन रांगा एकत्र येतात. एका रांगेतली माणसं तास-दीड तास ताटकळत, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत आणि पोरांची भांडणं सोडवत तिथवर पोचलेली असतात. दुसरीतली दहा मिनिटांपूर्वी आलेली असतात. मधोमध गणवेशातली एक मुलगी उभी असते आणि आता कोणत्या बाजूचे किती जण पुढे जातील हे हाताने दाखवत असते. डावीकडून पंधरा-वीस जण जातात, मग उजवीकडून चार. पुन्हा डावीकडून पंधरा. उजवीकडचे वैतागतात आणि त्या मुलीकडे रोखून बघतात. तिच्या हातात खरं तर काहीच नसतं. कुठल्या बाजूचे किती सोडायचे, हे भलत्याच कुणीतरी, कुठल्यातरी वातानुकूलित खोलीत बसून ठरवलेलं असतं.

३० ऑक्टोबर २०२४ रोजी फ्लॉरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने ‘लायटनिंग लेन प्रीमियर पास’ नावाचा पास काढला. सुरुवातीला तो डिस्नेच्या निवडक हॉटेलांत उतरलेल्यांपुरता होता. पार्क आणि तारीख पाहून त्याची किंमत माणशी १२९ ते ४४९ डॉलर होती, आणि तीही प्रवेशाचं तिकीट सोडून. पास घेणाऱ्याने वेळ ठरवायची नाही की फोन चाळायचा नाही. मनात येईल तेव्हा जायचं आणि जलद रांग असलेल्या प्रत्येक राइडवर एकेकदा बसून यायचं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये हा पास त्याच महिन्यात आला, तेव्हा तिथे त्याचा भाव ४०० डॉलर होता. तिथलं ऐन गर्दीच्या दिवसाचं प्रवेश तिकीट त्याच सुमाराला २०६ डॉलरवर गेलं होतं. म्हणजे आत जायला जितके पैसे, त्याच्या जवळजवळ दुप्पट उभं न राहण्याचे. चौघांच्या कुटुंबाला नुसते पासच सोळाशे डॉलरचे.

यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: श्रीमंतांचे चोचले. ती खोटी नाही, पण तिच्याने फारसं काही कळत नाही. विमानात बिझनेस क्लास असतो, नाटकाला पहिल्या रांगेचं तिकीट महाग असतं, त्याबद्दल आपण आरडाओरडा करत नाही. तिथे जास्त पैसे देणाऱ्याला रुंद खुर्ची मिळते आणि मागच्या माणसाची खुर्ची त्यामुळे आणखी मागे सरकत नाही. थीम पार्कमध्ये नेमकं काय विकलं जातं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पास विकला म्हणून राइडला एक डबा वाढत नाही, तासाला एक जास्तीचा माणूसही बसत नाही. मग विकलेला माल येतो कुठून?

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

डिस्नेलँड जुलै १९५५ मध्ये उघडलं तेव्हा नुसतं आत शिरायला मोठ्यांना एक डॉलर आणि मुलांना पन्नास सेंट पडत. आतल्या राइडचे पैसे वेगळे. आपल्या जत्रेत आजही तसंच चालतं, आकाशपाळण्याचे वेगळे, मौत के कुएँचे वेगळे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिकिटांची पुस्तकं आली. ए, बी आणि सी अशा प्रतवारीची तिकिटं त्यात असत. पुढच्या वर्षी डी आलं आणि १९५९ मध्ये मॅटरहॉर्नचा डोंगर, पाणबुडी आणि मोनोरेल एकदमच सुरू झाल्यावर ई. मेन स्ट्रीटवरच्या घोडागाडीसाठी ए पुरे, मॅटरहॉर्नवरून घसरत यायचं तर ई लागे. पुस्तकात ई मोजकीच असत, ती आधी संपत. ए तिकिटं उरत आणि घरोघरच्या खणांमध्ये पडून राहत. अमेरिकन बोलण्यात ‘ई तिकीट’ म्हणजे सगळ्यात भारी अनुभव असा अर्थ रुळला. जून १९८३ मध्ये अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री, सॅली राइड, हिनेसुद्धा आपल्या उड्डाणाला ई तिकीटच म्हटलं. तोवर ते तिकीट बंद होऊन वर्ष झालं होतं.

या पुस्तकांवर अर्थशास्त्रज्ञांचाही जीव होता. वॉल्टर ओई यांनी १९७१ मध्ये डिस्नेलँडच्या दरांवर एक निबंध लिहिला. त्यांचा प्रश्न असा, की मक्तेदाराने पैसे फाटकावर घ्यावेत की प्रत्येक राइडवर? हा निबंध आजही अर्थशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. त्यातल्या समीकरणांत न शिरता एवढं सांगता येईल, की पुस्तकाच्या काळात गर्दी आवरायचं काम पैसा करत होता. मॅटरहॉर्न महाग म्हणून तिथे जाताना माणूस दोनदा विचार करायचा. घोडागाडी स्वस्त म्हणून सहज चढायचा. पण एकदा रांगेत उभा राहिला की सगळ्यांचं ई तिकीट सारखंच असे. पैशाने राइड विकत घेता येई. रांगेतली जागा विकत मिळत नसे.

१९८२ मध्ये डिस्नेने ही पुस्तकं रद्द केली. सिक्स फ्लॅग्जसारखी पार्कं आधीच एकरकमी तिकिटावर चालत होती. एकदा पैसे भरा, दिवसभर हव्या तितक्या राइड करा. ऐकायला छान. पण राइडवरून पैशाची किंमत उठली की दुसरी कुठलीतरी किंमत बसतेच, आणि ती बसली वेळेची. स्पेस माउंटनसमोर तास-तास उभं राहायचं, गोल फिरणाऱ्या घोड्यांसमोर पाच मिनिटं. ही किंमत डॉलरपेक्षा एका अर्थाने न्यायाची होती, कारण दिवस सगळ्यांना सारखाच मिळतो. (अगदी सारखा नाही. कडेवर झोपलेलं मूल असेल तर तास किती मिनिटांचा असतो, हे ज्याचं त्यानेच सांगावं.)

तेव्हापासून पार्कवाल्यांनी रांगेलाच कलाकुसरीची वस्तू केली. सुरुवात तर त्याहून जुनी आहे. १९६९ मध्ये उघडलेल्या हाँटेड मॅन्शनमध्ये पाहुण्यांना एका खोलीत उभं करतात आणि खोलीच्या भिंती ताणल्या जाऊन छत वर वर जाताना दिसतं. डिस्नेलँडमधली ती खोली खरं तर एक मोठी लिफ्ट आहे. माणसं खाली नेण्याचं काम होतं, वाट पाहण्याचं नाटक होतं आणि भीतीही वाजवी दरात मिळते. १९८५ मध्ये डेव्हिड मेस्टर यांनी वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, कारण न कळता केलेली प्रतीक्षा कारण कळलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, असे त्यांचे मुद्दे पार्कवाल्यांनी तंतोतंत अमलात आणले. त्यांचाच आणखी एक मुद्दा होता: अन्यायाची प्रतीक्षा न्यायाच्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. एमआयटीतल्या रिचर्ड लार्सन यांनीही रांगेचा गणिती अभ्यास करता करता तेच पुढे नेलं. माणसाला रांगेच्या लांबीपेक्षा आपल्यानंतर आलेला आपल्याआधी जातो याचा राग जास्त येतो. हा मुद्दा मात्र पार्कवाल्यांनी सोयीने बाजूला ठेवला.

१९९९ मध्ये फास्टपास आला. तो फुकट होता, हे आज पुष्कळांच्या लक्षात नसतं. राइडपाशी एक यंत्र असे. त्यात प्रवेशाचं तिकीट सरकवलं की अमुक ते अमुक वेळात परत या, असं छापलेली चिठ्ठी बाहेर येई. दिलेल्या तासाभरात परत यायचं आणि छोट्या रांगेतून आत जायचं. चिठ्ठी हातात असेपर्यंत माणूस मोकळा. मोकळा माणूस दुकानात जातो, खातो, टोप्या घेतो. रांगेत अडकलेला माणूस काहीच विकत घेत नाही, हे कंपनीला कळलं होतं. सगळ्यांचाच फायदा, असा तो देखावा होता.

गणित मात्र वेगळं निघालं. आधी एक माणूस एका वेळी एकाच रांगेत असायचा. आता तो चिठ्ठीने एका रांगेत आणि पायांनी दुसऱ्या रांगेत असू लागला. पार्कातली माणसं तितकीच, राइडही तितक्याच, पण रांगेतल्या हजेऱ्या वाढल्या. ज्याने चिठ्ठी घेतली नाही, उशिरा आला किंवा ज्याला या भानगडी माहीतच नव्हत्या, त्याच्या वाट्याला उरलेलं आलं.

एक हिशेब मांडू. समजा एका राइडवर तासाला १२०० माणसं बसतात आणि रांगेत १२०० जण उभे आहेत. शेवटच्याला एक तास लागेल. आता त्यातल्या ६०० जणांनी पास घेतला आणि ते दुसऱ्या रांगेत गेले. साधी रांग निम्मी दिसायला लागली. पण दहा जागांपैकी सात पासवाल्यांच्या, असं ठरलेलं आहे आणि पासवाल्यांचा ओघ दिवसभर चालू आहे. म्हणजे साध्या रांगेला तासाला ३६० जागा उरल्या. त्या ६०० जणांतल्या शेवटच्याला १०० मिनिटं लागतील. रांग निम्मी आणि वाट दीडपटीहून जास्त. हे आकडे समजुतीपुरते आहेत, प्रत्यक्षातलं प्रमाण राइडनुसार, तासानुसार बदलतं. पण विकलेला माल कुठून येतो याचं उत्तर त्यात आहे. पासवाल्याची वाचलेली मिनिटं पार्कच्या गोदामातून येत नाहीत, शेजारच्या रांगेतल्या माणसाच्या खिशातून काढलेली असतात. ज्याच्या खिशातून काढली त्याला या विक्रीचा एक पैसाही मिळत नाही.

पास फुकट होता तोवर या देवाणघेवाणीला पैशाचा वास नव्हता. जो हुशार, जो लवकर उठणारा, त्याला फायदा. फ्लॉरिडात २०१३-१४ मध्ये कागदी चिठ्ठीची जागा मनगटातल्या मॅजिकबँडने घेतली आणि डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना साठ दिवस आधी, बाकीच्यांना तीस दिवस आधी राइड राखून ठेवता येऊ लागल्या. मग २०२० च्या मार्चमध्ये कोविडने पार्कं बंद पडली. उघडली तेव्हा फास्टपास परत आलाच नाही. १९ ऑक्टोबर २०२१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ‘जिनी प्लस’ आलं, माणशी दिवसाला १५ डॉलर. सगळ्यात लोकप्रिय राइड त्यातही नव्हत्या, त्यांचे सुटे पैसे. डिसेंबरमध्ये डिस्नेलँडमध्ये तेच २० डॉलरना. वीस वर्षं फुकट मिळालेली गोष्ट विकत मिळू लागली. पुढे दर तारखेनुसार वर-खाली होऊ लागले, २०२४ च्या जुलैत नाव बदलून ‘मल्टी पास’ झालं आणि शरद ऋतूत प्रीमियरचा मजला वर चढला.

मधल्या काळात सुट्टीचं रूपच पालटलं. जिनी प्लसच्या दिवसांत माणसं सकाळी सातच्या ठोक्याला फोन हातात घेऊन बसलेली असत. दहाला तत्काळचं बुकिंग उघडण्याची वाट बघणाऱ्या आपल्या लोकांना ती मुद्रा ओळखीची वाटेल. आता डिस्नेच्या हॉटेलातला पाहुणा सात दिवस आधी पास निवडतो, इतर लोक तीन दिवस आधी. पैसे देऊन विकत घेतलेला पास वापरायलाही अभ्यास लागतो. तोही नको असेल तर प्रीमियर. एकाच दुकानात आधी डोकेदुखी आणि मग वरच्या फळीवर तिचं औषध, अशी ही मांडणी आहे.

आणि पास घेणारा काही गमावतोही. अ‍ॅनिमल किंगडममधल्या ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ या राइडची साधी रांग गुहांतून आणि एका प्रयोगशाळेतून जाते. तिथे काचेच्या टाकीत भलाथोरला निळा देह तरंगत असतो. राइडचं निम्मं नाटक तिथेच घडतं. जलद रांग बहुतेक सगळं चुकवून थेट पुढे जाते. जास्त पैसे देणाऱ्याला गोष्टीचा पूर्वार्ध मिळत नाही.

मायकल सँडेल यांनी २०१२ च्या ‘व्हॉट मनी कान्ट बाय’ या पुस्तकात रांग मोडण्याच्या व्यापारावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. काही पार्कं पासवाल्या पाहुण्यांना मागच्या दाराने, आडबाजूच्या फाटकाने आत नेतात, असं त्यांनी त्यात नोंदवलं होतं. याचा अर्थ तेव्हा थोडी तरी लाज शिल्लक होती. आता जलद रांगेची पाटी राइडच्या दर्शनी भागात, साध्या रांगेच्या पाटीशेजारीच असते. तुम्ही तासभर ज्या रांगेत उभे राहणार, तिच्या तोंडाशीच जाहिरात.

या सगळ्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट २०१३ सालची आहे. डिस्नेच्या पार्कांत अपंग पाहुण्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला रांगेऐवजी वेगळ्या वाटेने नेण्याची सवलत होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यू यॉर्क पोस्टने बातमी दिली, की मॅनहॅटनमधली काही धनिक कुटुंबं तासाला १३० डॉलर मोजून अपंग व्यक्तीला ‘नातेवाईक’ म्हणून सोबत नेतात. रांग चुकवण्यासाठी माणूसच भाड्याने. ऑक्टोबरात डिस्नेने जुनी पद्धत बंद केली आणि नवीन आणली. तिच्यात सवलत मिळालेल्यालाही रांगेइतकाच वेळ थांबावं लागे, फक्त तो वेळ बाहेर, सावलीत बसून काढता येई. २०२४ मध्ये हे नियम आणखी आवळले गेले आणि ही सोय मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अवस्था असलेल्यांपुरती राहिली. ज्यांना पायांच्या, हृदयाच्या किंवा आतड्याच्या दुखण्याने तासभर उभं राहवत नाही, अशा अनेकांना ती नाकारली गेली. खोटेपणा रोखायलाच हवा, याबद्दल वाद नाही. पण दाखल्याचं दार अरुंद झालं त्याच वर्षी पैशाचं दार रुंद झालं, हे नजरेआड करता येत नाही.

डिस्नेचंच नाव घेतलं, कारण तिथला इतिहास पायरीपायरीने दिसतो. युनिव्हर्सलची ‘एक्स्प्रेस’ पद्धत जुनी आहे आणि ओरलँडोत त्यांच्या महागड्या हॉटेलांत राहिलं की ती भाड्यातच मिळते. आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या सिंगापूर दौऱ्यांत सेंटोसावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज असतं. मराठी प्रवाशाला एक्स्प्रेस हा शब्द बहुधा तिथे पहिल्यांदा भेटतो. संध्याकाळपर्यंत बस गाठायची असल्यामुळे मोहही तिथेच होतो. टोकियो डिस्नेने २०२२ मध्ये पैशाचा पास आणला, पण पुढच्या वर्षी काही राइडसाठी फुकटची चिठ्ठीही पुन्हा सुरू केली.

महाराष्ट्रात हे खोपोलीपर्यंत पोचलं आहे. मनमोहन शेट्टींनी खोपोली–पाली रस्त्यावर उभारलेलं इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं आणि तिथेही एक्स्प्रेस तिकीट विकलं जातं. ‘नायट्रो’ या रोलरकोस्टरवर पाय अधांतरी लोंबकळतात, त्यामुळे तिच्यापुढे सुट्टीच्या दिवशी गर्दी होणारच. दक्षिणेतल्या वंडरलामध्ये ‘फास्टट्रॅक’ मिळतो. आपल्या पार्कांत शाळांच्या सहली असतात, लग्नानंतर पहिल्यांदाच फिरायला आलेली जोडपी असतात, एकदाच पैसे साठवून आलेली कुटुंबं असतात. आडवारी पार्क मोकळं असलं तर एक्स्प्रेसला अर्थ नसतो. ते खपतं ते नेमकं दिवाळीत, नाताळात आणि शनिवार-रविवारी, म्हणजे साध्या रांगेला जागेची सगळ्यात जास्त ओढाताण असते तेव्हा.

आपल्याला याचं फार नवल वाटत नाही, कारण देवळांनी आपली तयारी करून घेतली आहे. त्र्यंबकेश्वरला दोनशे रुपयांचं देणगी दर्शन आहे, तिरुपतीला तीनशे रुपयांचं शीघ्र दर्शन. लालबागला गणपतीत नवसाची रांग, मुखदर्शनाची रांग आणि तिसरी, जिला रांग म्हणणं कठीण, अशी ओळखीपाळखीच्या माणसांची वाट. मंदिरांत शुल्क घेऊन विशेष दर्शन देण्याविरुद्धची याचिका ३१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात आली. तत्कालीन सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या पीठाने ती ऐकायला नकार दिला. अशी खास वागणूक देऊ नये असं मत असू शकतं, पण हा निर्णय समाजाने आणि मंदिर व्यवस्थापनांनी घ्यायचा आहे, असा त्याचा सूर होता. पंढरपुरात आषाढीला मुख्यमंत्र्यांसोबत महापूजेला बसण्याचा मान दर्शनबारीत उभ्या असलेल्या वारकरी दांपत्याला मिळतो. या यादीत तेवढा एकच उलटा न्याय मला सापडला. बाकीची रांग चालू असते, मंत्र्यांचा ताफाही चालू असतो, हे वेगळं.

पासच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सातासमुद्रापलीकडून एकाच दिवसासाठी आलेल्याचा तास आणि वार्षिक पासवर दर आठवड्याला येणाऱ्याचा तास सारखा नसतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला घेऊन आलेल्याने पैसे मोजले तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण? पासच्या पैशातून प्रवेशाचा दर आटोक्यात राहतो असंही म्हणतात, पण २०६ डॉलरकडे बघून मला ते पटत नाही. आणि आजीचे गुडघे दुखतात हे यंत्राला कळत नाही, कार्ड चालतं की नाही तेवढंच कळतं. खरी गोम पार्कच्या हेतूत आहे. रांग हा ज्याला खर्च होता, तो ती कमी करायला धडपडायचा, जादा डबे सोडायचा, जास्त माणसं लावायचा. रांग ज्याला उत्पन्न देते, त्याने ती का कमी करावी? रांग पाच मिनिटांची झाली तर पास घेईल कोण?

रांग चुकवायचा एक असा मार्ग आहे ज्यात कुणाचं काही जात नाही, आणि तो फुकट आहे. तो एकट्या माणसाच्या रांगेचा. चार खुर्च्यांच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की एक खुर्ची रिकामी जाते. ती एकट्याला द्यायची. बायको पुढच्या डब्यात, नवरा मागच्यात, याला तयार असेल त्याचा अर्धा-पाऊण तास वाचतो आणि मागच्या कुणाचं एक मिनिटही वाया जात नाही. डिस्नेत, युनिव्हर्सलमध्ये काही राइडवर ही सोय आहे. तिची जाहिरात कमीच होते, कारण तिच्यात विकायला काही नाही.

जलद पास विकणं बंद करा, अशी मागणी करून उपयोग नाही, ते कुणी ऐकणार नाही. माझी मागणी लहान आहे. प्रत्येक राइडबाहेर पाटी असते, ‘येथून ७५ मिनिटे’. तिच्याच खाली आणखी एक आकडा लिहावा: आज या राइडसाठी किती जलद पास विकले आणि दर दहा जागांमागे त्यांना किती ठेवल्या. प्रवेशाचं तिकीट काढणाऱ्याला तो फाटकावर दिसावा, म्हणजे आपण काय विकत घेतोय आणि त्यातलं काय आधीच दुसऱ्याला विकून झालंय, हे त्याला पैसे देण्याआधी कळेल. प्रीमियर पास मर्यादित संख्येत विकतो, असं डिस्ने सांगतं. ती संख्या किती, हे सांगत नाही.